पाहुण्याला गाव दाखवताना

चैत्र-वैशाखात शाळांना सुट्टी लागली की जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत पाहुणे उतरू लागतात. कोणी मुंबईहून येतो, कोणी पुणे-पिंपरीहून. कोणाची सोयरीक असते, कोणाचा कारखान्यातला सोबती असतो, कोणी मुलाच्या कॉलेजातला मित्र असतो. घरात मासवडीचा बेत होतो, माठ भरून ठेवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा विचारतो, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गावात पाहण्यासारखे काय आहे हे जो ठरवतो, तो आपले गाव काय आहे हेही ठरवत असतो. पाहुण्याला कोणत्या वाटेने न्यावे, काय सांगावे, कशाजवळ थांबावे आणि कशावरून नुसतेच पुढे जावे, या गोष्टींत आपली नीती दिसून येते. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने तर या प्रश्नाचा विचार नीट केला पाहिजे. आपण रोज धम्मवंदना म्हणतो. तीत धम्माचा एक गुण 'एहिपस्सिको' असा सांगितला आहे. एहिपस्सिक म्हणजे 'ये आणि पाहा' असे ज्याविषयी म्हणता येते तो. जो धम्म स्वतः 'ये आणि पाहा' म्हणतो, त्या धम्माच्या उपासकाने पाहुण्याला काय दाखवावे?

पाहुण्याचे आदरातिथ्य हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, याबद्दल वाद नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला संपत्तीचा योग्य उपयोग सांगितला, त्यात आईवडील, बायकामुले, मित्र आणि श्रमण यांच्याबरोबर नातलग व पाहुणे यांचाही समावेश केला. पण आदरातिथ्य म्हणजे केवळ जेवण आणि अंथरूण नव्हे. पाहुणा आपल्या डोळ्यांनी गाव पाहायला आलेला असतो. त्याचे पोट भरायचे आणि डोळ्यांवर पडदा टाकायचा, हे आदरातिथ्य अपुरे आहे.

आपल्या भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मार्च २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, ते उगीच नव्हे. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म जिथे झाला तो शिवनेरी इथे आहे. सातवाहनांच्या काळचा नाणेघाट इथे आहे. खोडदजवळ पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. आंबेगावात भीमाशंकरचे जंगल आणि शेकरू आहे. हे सारे दाखवावेच. आपल्या तालुक्याचा अभिमान बाळगायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न यापुढचा आहे. पाहुण्याला गाव दाखवताना आपल्यातील काही माणसे दोनपैकी एका चुकीच्या वाटेने जातात.

पहिली वाट लाजेची. पाहुणा परक्या समाजातील असला की त्याला बौद्धवस्तीवरून न नेता मागच्या रस्त्याने नेले जाते. विहार दाखवला जात नाही. भिंतीवरील बाबासाहेबांच्या तसबिरीबद्दल कोणी विचारले तर उत्तर अर्धवट दिले जाते. आडनाव सांगताना आवाज खाली जातो. शहरात शिकून नोकरीला लागलेल्या मुलांत ही लाज जास्त दिसते. त्यांना वाटते, पाहुण्याला कळले नाही तर बरे.

दुसरी वाट कडवटपणाची. पाहुणा आला की त्याच्यापुढे केवळ गाऱ्हाण्यांची यादी मांडायची. गावातली प्रत्येक गोष्ट वाईट, प्रत्येक माणूस शत्रू, आणि पाहुणा परक्या समाजातला असेल तर तोही जणू आरोपीच. अशा माणसाबरोबर दोन दिवस राहिलेला पाहुणा परत जाताना काहीच पाहिल्याशिवाय जातो, कारण त्याला सारा वेळ स्वतःचा बचाव करावा लागतो.

या दोन्ही वाटा का चुकीच्या, हे समजण्यासाठी पाहुणा या नात्याने खुद्द परमपूज्य बाबासाहेबांना काय अनुभव आला, ते आठवावे. त्यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातील एक आठवण १९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे. बाल भीमराव आणि घरातील मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली होती. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. ते काम कशाचे होते? तलाव खोदण्याचे. मसूर स्टेशनवर मुले उतरली. त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण वाटेत पिण्याचे पाणी कोणी देईना. गाडीवानाच्या सांगण्यावरून आपण मुसलमान आहोत असे भासवून जकात नाक्यावर पाणी मागितले, तरीही मिळाले नाही. मुले शिदोरी उशाशी ठेवून उपाशी-तहानलेली झोपली.

दुसरी आठवण १९३४ ची. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर औरंगाबादकडची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दरवाजाजवळच्या पाण्याने भरलेल्या तलावावर त्यांनी प्रवासाच्या धुळीने भरलेले हातपाय-तोंड धुतले. लागलीच तलाव बाटवला म्हणून ओरडा झाला आणि लोक धावून आले. पुढे किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर पहारा म्हणून हत्यारी शिपाई बरोबर दिला गेला.

या दोन आठवणींतून दोन गोष्टी निघतात. पहिली, जात लपवून पाणी मिळाले नाही. लपवणाऱ्याला अपमान सोसावा लागला आणि तहानही सोसावी लागली. म्हणून लाजेची वाट नीतीच्या दृष्टीने चुकीची आहे आणि व्यवहारातही ती कुचकामी आहे. दुसरी, बाबासाहेबांनी या गोष्टी शांतपणे, तारीख-ठिकाणासह, परदेशी वाचकाला समजतील अशा भाषेत लिहिल्या. अस्पृश्यता म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, अशा दूरच्या पाहुण्यालाच जणू ते आपला देश दाखवत होते. त्यात शिवीगाळ नाही आणि लपवाछपवीही नाही. दाखवण्याची ही तिसरी वाट आहे.

या तिसऱ्या वाटेचा नियम धम्मात सांगितलेला आहे. अभय राजकुमाराने भगवान बुद्धांना विचारले होते की तथागत कोणाला न आवडणारी वाणी बोलतात काय? त्या वेळी राजकुमाराच्या मांडीवर लहान मूल होते. भगवंतांनी त्याला उलट विचारले, या मुलाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, रक्त आले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला मुलाची दया आहे. मग भगवंतांनी सांगितले की जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते गोड असो वा कडू, तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. जे खोटे किंवा अहिताचे आहे ते गोड असले तरी बोलत नाहीत. म्हणजे कसोट्या तीन झाल्या. खरे आहे काय? हिताचे आहे काय? वेळ योग्य आहे काय? पाहुण्याला बरे वाटेल काय, ही कसोटी त्यांत नाही. आणि आपल्या मनातला राग मोकळा होईल काय, हीसुद्धा नाही.

आता या तीन कसोट्या घेऊन आपल्या तालुक्यात फिरू.

जुन्नर शहराभोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक खोदकामे आहेत. मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री हे त्यांचे मुख्य गट. पाहुण्याला इथे नेल्यावर अनेकदा ऐकू येते की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. खरे आहे काय? केसमुत्त गावच्या कालामांकडे बाहेरून अनेक उपदेशक येत आणि प्रत्येक जण आपलेच खरे म्हणे. भगवंतांनी त्यांना सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नका. मग आपण पाहुण्याला ऐकीव गोष्ट कशी सांगावी? भिंतींवर ब्राह्मी लिपीत खोदणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. शिवनेरीवरचे चैत्यगृह वीरसेनक नावाच्या गृहपतीने दिले. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे या लेखांत आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. आडुथुम नावाच्या शकाने शेतजमीन दिली, त्या लेखात करंजाचा आणि वडाचा उल्लेख आहे. नहपान क्षत्रपाचा वत्सगोत्री अमात्य अयम याने सेहेचाळिसाव्या वर्षी टाके आणि मंडप दिला.

पाहुण्याला हे सांगावे. पांडवांची गोष्ट सांगून एका क्षणाचे आश्चर्य वाटते. पण वाणी, बुरुड, कासार, शेतकरी, यवन, शक आणि ब्राह्मण गोत्राचा अमात्य एकाच डोंगरावर एकाच संघाला दान देत होते, हे कळल्यावर पाहुणा विचार करू लागतो. वीरसेनकाने आपल्या दानाचा हेतूही कोरला आहे. ते दान त्याने सर्व लोकांच्या हितसुखासाठी दिले. लेणी 'आमची' म्हणताना आपण हे विसरू नये. आपण त्यांचे वारस आहोत हे खरे, पण देणाऱ्याने ज्या हेतूने दिले तो हेतू सांभाळला तरच वारसा खरा ठरतो.

याच न्यायाने नाणेघाटात नेल्यावर तिथला मोठा शिलालेख सातवाहन राणी नागनिकेचा आहे आणि त्यात वैदिक यज्ञांची व दक्षिणांची नोंद आहे, हेही सांगावे. आपल्या सोयीचे तेवढेच सांगणारा वाटाड्या आणि पांडवांची गोष्ट सांगणारा वाटाड्या यांत फार फरक नाही.

इथे नवदीक्षित कुटुंबांपुढे एक खरी अडचण उभी राहते. पाहुणा म्हणतो, "लेण्याद्रीच्या गणपतीला जाऊ, अष्टविनायक आहे." कदाचित तो पाहुणा आपला सख्खा मेहुणा असतो, ज्याने अजून दीक्षा घेतलेली नाही. बावीस प्रतिज्ञांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. मग त्याला न्यावे की नाही? काही उपासक म्हणतात, त्या पायऱ्या चढणे म्हणजेच प्रतिज्ञाभंग. काही म्हणतात, पाहुण्याचे मन राखायला हात जोडले तर काय बिघडते?

दोन्ही मते विचारांती टिकत नाहीत. धम्मात चेतनेलाच कर्म म्हटले आहे. प्रतिज्ञा उपासनेबद्दल आहे, डोंगर चढण्याबद्दल नाही. ज्या लेण्यात गणपती आहे, ते सातव्या क्रमांकाचे लेणे मुळात भिक्खूंचा विहार आहे. मध्ये एकही खांब नसलेले विस्तीर्ण दालन आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. त्या खोल्यांत भिक्खू वर्षावासात राहत असत. तिथे जायला बौद्धाने कचरण्याचे कारण नाही. मात्र केवळ मन राखण्यासाठी हात जोडणे हे खोटे आहे. जे आपण मानत नाही ते मानतो असे देहाने सांगणे ही एक प्रकारची असत्य वाणीच होय. त्यात पाहुण्याचाही सन्मान नाही, कारण आपण त्याला नाटक दाखवतो.

म्हणून पाहुण्याला खुशाल न्यावे. तो दर्शन घेईल तेव्हा शांतपणे बाजूला उभे राहावे. त्याच्या श्रद्धेची टिंगल करू नये. त्या ठिकाणी, त्या घटकेला वाद घालण्याची वेळ योग्य नसते. तो बाहेर आला की त्याला भोवतालच्या खोल्या दाखवाव्यात, आणि शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात स्तूपापुढे न्यावे. तिथे आपण वंदन करावे. त्याला करायला सांगू नये. तो विचारील तेव्हा सांगावे. 'एहिपस्सिको' म्हणजे ओढून आणणे नव्हे. आपला मेहुणा या पायऱ्या गणपतीसाठी चढला आणि उतरताना विहार पाहून उतरला, एवढेही पुष्कळ झाले.

दुसरी बाब दुःख पाहण्याची. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी पहाटे-सकाळच्या पावसात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. पुढे आमडे येथे गावाचे पुनर्वसन झाले. आता भीमाशंकरकडे जाणारे काही पाहुणे माळीणही 'पाहू' म्हणतात. तिथे न्यावे काय? न्यायचे असेल तर स्मृतिस्थळापाशी गप्प उभे राहण्याची तयारी असलेल्यालाच न्यावे. ज्याला फक्त फोटो हवा आहे त्याला स्पष्ट नाही म्हणावे. दुसऱ्याचे दुःख ही प्रदर्शनातील वस्तू नाही. हाच नियम डिंभे धरणाला लागू होतो. घोड नदीवरच्या या जलाशयाचे निळे पाणी उन्हाळ्यात डोळ्यांना सुख देते. पण ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले, आणि महादेव कोळी बांधवांच्या जमिनी गेल्या. कालव्याचे पाणी पूर्वेकडच्या शेतांना जाते आणि पश्चिमेच्या डोंगरवाड्यांत बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन चढतात. पाहुण्याला पाणी दाखवताना हेही सांगणे खरे आहे, हिताचे आहे, आणि तो ते पाणी पाहत असतो तीच त्याची योग्य वेळ आहे. आपण फक्त आपलेच दुःख दाखवतो आणि शेजारच्या आदिवासीचे विसरतो, असे होऊ नये. करुणेला वस्तीची शीव नसते.

तिसरी बाब आपल्या स्वतःच्या वस्तीची. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले म्हणून वाट बदलली असे नाही. पाहुणा कोणीही असो, त्याला सरळ रस्त्याने वस्तीत आणावे. विहार दाखवावा. वस्तीतील शिकलेल्या मुलींची ओळख करून द्यावी. १४ एप्रिलची किंवा वैशाखी पौर्णिमेची तयारी चालली असेल तर त्याला तिथे बसवावे. जुनी विहीर कोणाची होती, पूर्वी पाणी कोण वाढत असे, आज काय बदलले आणि काय बदललेले नाही, हे वस्तीतील म्हाताऱ्या माणसाला सांगू द्यावे. जे सुधारले ते सुधारले म्हणून सांगावे. ज्या शेजाऱ्याने प्रसंगी साथ दिली त्याचे नाव आदराने घ्यावे. जे अजून तसेच आहे ते आवाज न चढवता सांगावे.

यावर कोणी म्हणेल, पाहुणा चार दिवस विसाव्याला आला आहे, त्याच्या माथी हे ओझे कशाला? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. म्हणूनच भगवंतांनी वेळेची कसोटी सांगितली. पहिल्याच घासाला विहिरीची कहाणी नको. आंबा खावा, जांभळे-करवंदे खावीत, मुलांना ओढ्यावर न्यावे. पण चार दिवसांत एकही खरी गोष्ट न सांगता पाहुण्याला परत धाडणे म्हणजे त्याला लहान मूल समजणे होय. दुसरा कोणी म्हणेल, गावाची उणी बाजू बाहेरच्याला दाखवणे ही गावाशी बेइमानी आहे. तर मग बाबासाहेबांनी मसूरची आणि दौलताबादची हकीकत जगापुढे मांडली ती बेइमानी होती काय? गावावर ज्याचे प्रेम असते त्यालाच गावाची उणीव टोचते. ज्याला काही सुधारायचे नसते तोच सारे झाकून ठेवतो.

या प्रश्नात सर्वांत मोठे हित मुलांचे आहे, हे आईवडिलांनी ध्यानात घ्यावे. पाहुण्याबरोबर आपली मुलेही फिरत असतात. बाप कोणत्या रस्त्याने नेतो, कुठे आवाज खाली करतो, कुठे छाती पुढे काढतो, हे ती पाहतात. बापाने वस्ती चुकवली तर मुलाला कळते की आपले घर लपवण्यासारखे आहे. बापाने शिवी दिली तर मुलाला कळते की आपल्याकडे सांगण्यासारखे शिवीखेरीज काही नाही. आणि बापाने लेण्यातील लेख, धरणाखालचे गाव आणि आपला विहार या तिन्ही गोष्टी एकाच सरळ आवाजात सांगितल्या, तर मुलाला सम्यक वाचा म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळते.

शेवटी एक सूचना. या उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याला लेण्यांच्या बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी अवश्य दाखवा. पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरावे म्हणून ती खोदली. दान देणाऱ्यांनी ती संघाला दिली, आणि संघाची दारे कोणत्याही कुळाच्या माणसाला खुली होती. यवनाने दिलेले टाके कोणी बाटले म्हटले नाही. त्यानंतर कित्येक शतकांनी याच महाराष्ट्रात चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन महाडला जावे लागले. या दोन पाण्यांच्या मधे काय घडले, हे पाहुण्याला विचारू द्या, आणि तुम्हाला माहीत असेल तेवढे खरे सांगा. त्यासाठी आधी आपण ही लेणी पाहिली पाहिजेत, लेख कोणाचे ते शिकले पाहिजे, मुलांना ब्राह्मीची चार अक्षरे ओळखता आली पाहिजेत. सुट्टी त्यासाठीच आहे. प्रत्येक विहारातील तरुणांनी वैशाखी पौर्णिमेपूर्वी एक दिवस ठरवून वस्तीतील सर्व कुटुंबांसह लेण्याद्रीला किंवा मानमोडीला जावे, बरोबर पाणी न्यावे, आणि उन्हात पायऱ्या चढणारा जो कोणी भेटेल त्याला कोण-कुठला न विचारता ते द्यावे.

भवतु सब्ब मंगलम्.